नुसता जीनोम नको, सोबत शुगरच्या नोंदीही हव्यात

संपादक साहेब, नमस्कार.

‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाचा डेटा, म्हणजे लोकांचे जीनोम (सगळ्या जीन्सचा आराखडा), जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, 83 समाजगटांतल्या जवळपास 10 हजार लोकांचे जीनोम फरिदाबादच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेत, आणि तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गजर चालू आहे की आता डायबिटीसवर आपल्या जीन्सप्रमाणे औषध येणार. येऊ दे बाबा, आमच्या घरात गिऱ्हाईकं तयारच आहेत. पण ते येतं कसं हेही जरा बघायला पाहिजे.

कोलेस्टेरॉलचंच घ्या. पीसीएसके9 नावाचं एक जीन आहे, त्याचं प्रोटीन लिव्हरवरचे एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) रक्तातून पकडणारे रिसेप्टर मोडीत काढतं, म्हणजे ते जितकं जास्त तितकं रक्तात एलडीएल जास्त. 2005 मध्ये अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांना काही कृष्णवर्णीय लोकांत हे जीन बिघडलेलं सापडलं, आणि त्यांचं एलडीएल मुळातच कमी होतं. बरं, पण याने हार्ट ॲटॅक टळतो का? ते डॅलसच्या डेटातून कळण्यासारखं नव्हतं. ते कळलं दुसऱ्याच एका अभ्यासातून, जिथे त्याच लोकांवर 15 वर्षं लक्ष ठेवलं होतं, कुणाला हार्टचा त्रास झाला, कुणाला नाही, सगळं लिहून ठेवलेलं. बिघडलेलं जीन असणाऱ्यांचं एलडीएल 28 टक्के कमी आणि हृदयविकार तब्बल 88 टक्के कमी! पुढे डॅलसच्या अभ्यासातून एक 32 वर्षांची बाई सापडली, वडील आणि आई दोघांकडून आलेलं जीन बंद, एलडीएल फक्त 14, आणि तब्येत ठणठणीत. म्हणजे हे प्रोटीन बंद पाडलं तरी माणसाला काही होत नाही हे निसर्गानेच दाखवून दिलं. 2015 मध्ये हे प्रोटीन बंद पाडणारी इंजेक्शनं बाजारात आली.

ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-डेटाच्या साठ्यात 5 लाख लोक आहेत, पण खरी ताकद ही की त्यांच्या जीनोमला सरकारी दवाखान्यांच्या नोंदी जोडलेल्या आहेत आणि जगातला कुठलाही संशोधक रीतसर अर्ज करून, फी भरून तो डेटा वापरू शकतो. मात्र त्यातले बहुतेक लोक गोरे. आपल्याकडे सडपातळ माणसालाही शुगर होते, पोरं जन्मतःच वजनाने कमी पण अंगात चरबी टिकवून असतात, हे पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीचं सांगितलंय. त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि मग त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासली. म्हणजे हे इथे जमत नाही असं कुणी सांगू नये.

आणि आपल्या नोंदी कुठे असतात? प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर. ईसीजीचा कागद तर काही वर्षांत पांढराफटक होतो. आमच्या गावातल्या एका दवाखान्यात वडिलांचे जुने एचबीए1सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे) आकडे मागितले तर “फाईल तुमच्याकडेच असेल ना” असं उत्तर मिळालं. कशाला जोडणार जीनोम, डोंबल?

माझी मागणी एवढीच की जीनोम इंडियात ज्यांनी रक्त दिलं त्यांची नव्याने संमती घ्या आणि दर पाच वर्षांनी शुगर, लिपिड, लिव्हरची सोनोग्राफी करून ते आकडे त्याच डेटात घाला. नाव-गाव बाहेर जाणार नाही आणि इन्शुरन्सवाल्यांच्या हाती काही लागणार नाही हे कायद्याने पक्कं करा, नाहीतर लोक पुढे येणारच नाहीत आणि का यावं. आणि डेटा मागायची पद्धत अशी ठेवा की मोठ्या संस्थांबरोबर जिल्ह्याच्या कॉलेजातल्या बायोटेकच्या पोरांनाही अर्ज करता येईल, कारण या कामाला बऱ्याचदा एक कॉम्प्युटर आणि चिकाटी एवढंच लागतं. खर्च सरकारने करावा, पहिला खर्चही आपल्याच टॅक्समधून झालाय.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज