ताप कोणत्या प्रकाराचा?

‘डुकरांना ताप’ एवढ्यावर बातमी संपली की राहवत नाही. विषाणू कोणता, प्रकार कोणता? चीनमध्ये २००६ साली पीआरआरएस या डुकरांचे श्वसन व प्रजनन बिघडवणाऱ्या विषाणूच्या जहाल प्रकाराने कळपच्या कळप झोपवले. पुढे अमेरिकी वंशाच्या ‘एनएडीसी-३०’सदृश प्रकाराने त्यालाच मागे रेटले. एकाच जनावरात दोन प्रकार शिरले, तर जनुकांची सरमिसळ होऊन तिसराच निपजू शकतो. मग जुनी लस तोकडी पडते. आमच्या कलिन्याच्या खाटकाला नाताळच्या गर्दीत हे विचारले, तर सुरा पुसत म्हणाला, “डुक्कर ते डुक्कर!” माणसाला हा रोग होत नाही, त्यामुळे त्याचे बरोबरच, पण पाळणाऱ्याचे काय? परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने नमुन्यांतले प्रकार तपासून वेळोवेळी जाहीर करावेत.

– एक वाचक, कलिना, मुंबई