पट्ट्यावरचा आकडा आणि आमचा लेथ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत ट्रॉलीवरचा माल बांधायच्या पट्ट्यांवर आपण अर्धे पान खर्ची घातले आहे. एकदा चहाबरोबर वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. पट्टा किती लांब घ्यावा, हूक कसला असावा, रंग कुठला उठून दिसतो, सगळे आले आहे. त्याबद्दल आभार. पण खालच्या चौकटीत मालाच्या वजनापेक्षा पट्ट्यावरचा टनाचा आकडा मोठा असला की काळजी नको, असे जे ठोकून दिले आहे, ते कुणाला विचारून? नऊ वर्षांपूर्वी हेच मला एका दुकानदाराने ऐकवले होते. त्याला निदान माल खपवायचा होता.

भाच्याने संकेश्वरात वर्कशॉप काढले तेव्हा कागलकडे एक जुना सहा फुटी लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचे यंत्र, मिळाला. दीड टनाचा, बेड (खालचा लांब पाया) चांगला, चक (काम पकडणारा जबडा) घासलेला. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फिटर म्हणून काढलेली, त्यामुळे लेथ पारखायला मला नेले होते. पारखला मी चांगला. बांधला मात्र वाईट, आणि ते काम मला विचारूनच झाले होते हे लपवण्यात अर्थ नाही.

गळीत हंगाम संपलेला, त्यामुळे उसाची ट्रॉली स्वस्तात मिळाली. दोन रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने आवळायच्या दातेरी कळीचे पट्टे, विकत घेतले. पट्ट्यावर ठळक ५ टन. दोन पट्टे, दहा टन, माल दीड टन. हिशेब इतका सोपा वाटला की भाच्याने वर चहा पाजला. एक पट्टा हेडस्टॉकच्या, म्हणजे चक असलेल्या जड डोक्याच्या, बाजूला बेडवरून, दुसरा टेलस्टॉककडे, म्हणजे समोरच्या टोकाला, करकचून आवळला. चालक हुक्केरी तालुक्यातला, कन्नड बोलणारा. मी ट्रॉलीत वाकून बघत होतो तर म्हणाला, "एनू आगूदिल्ल री." मागून भाचा म्हणाला, "मामा, काय होत नाही ओ." सीमाप्रश्नाचे खटले कोर्टात कितीही वर्षे चालोत, या एका वाक्यावर दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे.

निपाणी ओलांडली, तवंदी घाटाच्या एका वळणावर पुढच्या टेंपोने अचानक वेग कमी केला, आमच्या चालकाने ब्रेक मारला. मागून आवाज आला तो मी अजून विसरलो नाही. पुढचा पट्टा तुटलेला, लेथ वीतभर पुढे सरकून फाळक्याला टेकलेला आणि दुसरा पट्टा तिरका होऊन लीड स्क्रूवर, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूवर, चढलेला. माणसाला काही लागले नाही. लीड स्क्रू वाकला. भाच्याने तो सरळ करून घेतला, पण सरळ केलेला लीड स्क्रू म्हणजे मोडून जोडलेले हाड. त्या लेथवर बारीक आटे पाडले की आटा अजून डुलतो. गिऱ्हाईक परत करते तेव्हा भाचा माझ्याकडे बघत नाही, ही त्याची सभ्यता.

आता तो ५ टनी पट्टा दीड टनाला कसा तुटला? दोन कारणे, आणि आपल्या लेखात दोन्ही नाहीत. पहिले म्हणजे, लेथच्या बेडला वर व्ही आकाराच्या ग्राइंड केलेल्या धारा असतात. आम्ही पट्टा थेट त्यांच्यावरून ओढला होता. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात अर्धे अंतर कापेपर्यंत धारेने पट्ट्याचे अर्धे धागे खाल्ले, उरलेले ब्रेकने तोडले. मध्ये जुन्या टायरचा एक तुकडा ठेवला असता तर हे पत्र लिहावे लागले नसते. कुठल्याही कोपऱ्यावरून पट्टा नेताना खाली काहीतरी हवेच, हे लेखात एका ओळीतही बसले नसते काय? हुकाच्या रंगाला तीन ओळी दिल्या आहेत.

दुसरे कारण लोकांना पटवणे अवघड जाते. पट्ट्यावरचा आकडा म्हणजे पट्टा किती सोसतो. तो माल किती दाबून धरतो, हे वेगळेच. मालावरून पट्टा टाकून आवळला की माल दाबला जातो तो तुम्ही हाताने रॅचेटमध्ये जेवढा ताण घातला तेवढ्यानेच. ५० मिलिमीटरच्या साध्या रॅचेटने हाताने तीनेकशे किलोचा ताण बसतो. पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, म्हणून दाब फार तर सहाशे किलो, तोही पट्टा दोन्हीकडे सरळ उभा उतरत असेल तर. तीस अंशांवर आडवा पसरला की त्याचा निम्मा. म्हणजे आमच्या दोन पट्ट्यांचा दाब १,२०० किलो, लेथचे स्वतःचे वजन १,५००, मिळून २,७००. लोखंडावर लोखंड, पकड धरा त्याचा पाचवा हिस्सा, ५४० किलो. आणि जोरदार ब्रेकला माल वजनाच्या दहापैकी आठ हिस्से जोराने पुढे ढकलला जातो असे युरोपचे मानक धरते, म्हणजे १,२०० किलो. ५४० विरुद्ध १,२००. त्यात पट्टा ५ टनी असो की ५० टनी, तेवढ्याच ताणाला काडीचा फरक पडत नाही. ट्रॅक्टरला तेवढा कडक ब्रेक लागत नाही म्हणून आम्ही वीतभरावर सुटलो. पिकअप असती तर लेथ केबिनमध्ये बसला असता.

ट्रॉलीत उसाचे पाचट होते, तेही झाडले नव्हते. पाचटावर लोखंड म्हणजे तेलावर लोखंड. उलट, तळाशी रबराची चटई टाकली असती तर पकड पाचव्या हिश्शावरून सहा दशांशावर गेली असती, म्हणजे १,६२० किलो. पट्टे तेच, ताण तोच, आणि ब्रेकला पुरून उरले असते. त्यामुळे माझ्याकडे कोणी कुठला पट्टा घेऊ म्हणून विचारायला आले की मी आधी विचारतो, तळाशी काय घालणार? लोकांना वाटते म्हातारा विषय बदलतो आहे.

पट्टाही बघून घ्यावाच. चांगल्या पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी असते. पॉलिएस्टरची असेल तर निळी. तिच्यावर तीन अक्षरी दोन आणि दोन अक्षरी एक आकडा असतो: एलसी म्हणजे पट्ट्यावर चालू कामात घालावा असा कमाल भार, एसएचएफ म्हणजे रॅचेटचा दांडा हाताने किती जोराने ओढायचा, आणि एसटीएफ म्हणजे तेवढे ओढल्यावर पट्ट्यात किती ताण बसतो. माल दाबून बांधायचा तर बघायचा तो एसटीएफ. दुकानात त्याच्याविषयी विचारा, मालक पोऱ्याकडे बघेल, पोऱ्या मोबाइलकडे. एलसी बऱ्याचदा दोन लिहिलेले असतात, ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या पट्ट्यावर २५०० आणि ५०००. पहिला आकडा सरळ ओढीचा, दुसरा आकडा पट्टा वळसा घालून दोन पदरी झाला तर. मधे डेकान्यूटन असते ते साधारण किलोच समजा. दुकानात ठळक ५ टन म्हणतात तो बहुधा हा दुसरा आकडा असतो, नाहीतर पट्टा तुटतो तो आकडा. अमेरिकेत तर चालू कामासाठी तुटण्याच्या भाराचा तिसरा हिस्साच धरतात. आमच्या पट्ट्यांना चिठ्ठीच नव्हती. दुकानदार म्हणाला, हाताला टोचते म्हणून काढतो.

लेखाबरोबरच्या फोटोबद्दल बोललो नाही तर माझे मन मला खाईल. फोटोत पट्टा लांब पडला म्हणून मध्ये चक्क गाठ मारलेली दिसते. गाठीत पट्ट्याचा निम्मा जोर गेला असे समजावे. उरलेला पट्टा गुंडाळून रॅचेटजवळ बांधा, गाठ मारू नका. आणि रॅचेटच्या दांड्याला पाइप घालून आवळणारे महाभाग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना दोन शब्द सांगायला हवे होते, कारण त्यात रॅचेटचा खिळा वाकतो आणि पुढच्या खेपेला तो मधेच सुटतो.

नायलॉनच्या दोराचे समर्थन करणारेही आमच्या भागात पुष्कळ. ताणला की लांबतो, भिजला की आणखी लांबतो, आणि माल सैल पडल्याचे कळते ते घाटात. लेथसारखे डोक्याने जड यंत्र असेल तर दाबून भागतच नाही. सॅडल (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक हेडस्टॉकपासून लांब सरकवावे, पाय जाड लाकडी ओंडक्यांना बोल्टने बांधावेत, आणि चार पट्टे चारी कोपऱ्यांतून फुलीसारखे ओढावेत, पण लीड स्क्रू आणि त्याजवळच्या फीड रॉडच्या दांड्याला स्पर्श न करता. तेव्हा मात्र पट्ट्याचा एलसी कामाला येतो, कारण ब्रेकचा ओढ तो अंगावर घेतो. ट्रॉलीचा हूकही तेवढा दमदार हवा. आपल्या ट्रॉल्यांना दोर अडकवायला वाकवलेली सळई वेल्ड केलेली असते, ती पट्ट्याआधी उघडते. आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून एकदा पट्टे हाताने वाजवून बघावेत. आम्ही निपाणीत थांबलो होतो, पण वडा खायला.

जादा वजन भरले तर कायद्याने २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, म्हणून काट्यावर सगळे घाबरतात. पट्टा हातात धरून ओढून बघणारा माणूस मात्र मी अजून कुठल्याही नाक्यावर पाहिलेला नाही.

आता जाता जाता, रागात आहे तोवर. आपल्या अंकांचे गठ्ठे आमच्या अनगोळ नाक्यावर पहाटे येतात ते सुतळीने आवळून. सुतळी वरच्या अंकाच्या कडेत रुतते आणि पावसाळ्यात वरचा अंक भिजून फाटतो. विक्रेता तोच मला देतो, कारण मी पहिला जातो. कालच्या त्या लेखाची डावी बाजू मी अंदाजानेच वाचली. त्यात माझ्या तक्रारीचे उत्तर दडलेले असेल तर क्षमस्व. पण गठ्ठ्याच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याचा तुकडा लावायला काय हरकत आहे, याचे उत्तर जरूर छापावे. गेल्या वर्षीच्या माझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद आपण जागेअभावी कापला होता. या वेळी कापायचाच असेल तर सीमाप्रश्नाचे वाक्य कापा, गठ्ठ्याचे ठेवा.

आपला,
एक निवृत्त फिटर
अनगोळ, बेळगाव