विज्ञानाची बातमी छापण्याआधी जाणकाराला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोंड्यात बारावीला पदार्थविज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचा (म्हणजे 'स्पिन'चा) धडा आला की दरवर्षी फळ्यावर दोन नावं लिहायचो, उलेनबेक आणि गाउडस्मिट. त्यातले गाउडस्मिट पुढे संपादक झाले, म्हणून हे पत्र.

सॅम्युएल गाउडस्मिट यांचा जन्म १९०२ चा, हॉलंडमधल्या द हेगचा. १९२५ मध्ये लायडनला शिकत असतानाच दोघांनी फिरकीची कल्पना मांडली. लॉरेंट्झसारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब करून शंका काढली, तेव्हा निबंध मागे घ्यावा म्हणून ते गुरू एरेनफेस्ट यांच्याकडे गेले. गुरूंनी तो केव्हाच धाडून दिला होता. तुम्ही तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल, असं त्यांचं म्हणणं! या शोधाला नोबेल मात्र मिळालं नाही. बिस्मथ या धातूच्या अणुकेंद्रकाची फिरकी ठरवण्यातही गाउडस्मिट होते. नंतर ते अमेरिकेला गेले.

महायुद्धात जर्मनीचा अणुबॉम्ब कुठवर आलाय हे शोधणाऱ्या 'अल्सॉस' मोहिमेचे ते वैज्ञानिक प्रमुख. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबर्गला जर्मन शास्त्रज्ञांचे कागद हाती लागले. मेणबत्तीच्या उजेडात डोळे दुखेपर्यंत ते वाचून त्यांनी ओळखलं, की बॉम्ब अजून फार लांब आहे.

आईवडिलांचं शेवटचं पत्र त्यांना मार्च १९४३ मध्ये मिळालं होतं. छळछावणीचा पत्ता असलेलं ते पत्र पोर्तुगालमार्गे आलं. पोर्तुगाल तटस्थ होता, आणि गोवा तेव्हा त्याच्याच ताब्यात. त्याच महिन्यात आपल्या मुरगाव बंदरात, त्याच तटस्थतेच्या आसऱ्याला थांबलेलं 'एहरेनफेल्स' हे जर्मन जहाज बुडालं. पुढे गाउडस्मिट द हेगच्या घरी गेले. खिडक्या फुटलेल्या, घर ओस. आपल्या जुन्या खोलीत त्यांना थोडे कागद सापडले, त्यात शाळेची प्रगतिपुस्तकं होती. आईवडिलांनी इतकी वर्षं जपलेली. मी आयुष्यभर प्रगतिपुस्तकं भरली आहेत. हे वाचल्यावर त्या दिवशी पुढे वाचवलं नाही.

१९५१ पासून 'फिजिकल रिव्ह्यू' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचं संपादन त्यांच्याकडे आलं. त्यात 'संपादकांना पत्रे' हे सदर होतं, ताज्या शोधांच्या छोट्या टिपणांचं. जुलै १९५८ मध्ये त्यांनी ते वेगळं काढून त्याचंच नियतकालिक केलं, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा निबंध २०१६ मध्ये तिथेच प्रसिद्ध झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं जानेवारी १९६० मधलं संपादकीय. वैज्ञानिक शोध ही वर्तमानपत्रांनी 'सर्वात आधी आम्ही' म्हणत मिरवण्याची गोष्ट नव्हे, आणि जे आधीच पेपरात छापून आलंय ते आम्ही नाकारू शकतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. शोध आधी शास्त्रज्ञांच्या नियतकालिकात यावा, मग पेपरात, असं त्यांचं सांगणं होतं. छोटी टिपणं लवकरात लवकर छापण्यासाठी स्वतंत्र नियतकालिक काढणाऱ्याने हे लिहावं, याला वजन आहे.

मध्यंतरी एका वर्तमानपत्रात अणुवीज केंद्रावरच्या बातमीसोबत शीतकरण मनोऱ्याचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, 'किरणोत्सारी धूर'. ती पाण्याची वाफ असते. शेजारच्या वहिनी पेपर घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, हो धुंवर आमच्या मेरेन येतलो?" (हा धूर आमच्यापर्यंत येईल का?) त्यांची समजूत काढायला अर्धा तास गेला, चहाचं भांडं तोंडाशी ठेवून वाफ दाखवावी लागली. बाकीच्या वाचकांनी कुणाला विचारलं असेल?

आपल्या दैनिकाला पूर्णवेळ विज्ञान संपादक ठेवणं जमत नसेल, हे मी समजू शकतो. पण दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ गोव्यात आहेत, आमच्यासारखे शिक्षक तर गावोगाव. विज्ञानाची बातमी आली की छापण्याआधी आमच्यापैकी कुणालाही पाठवा. मोबदला नको. संध्याकाळी सातपर्यंत मजकूर मिळाला तर मी आठच्या आत तपासून परत करीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा