मीटर एकटा पाठवू नका : ३६ आउटलेटसाठी पूर्ण संच हवेत

पाणीवापर संस्थेचे सभासद, हितचिंतक, उपकरणांचे उत्पादक आणि जुने साहित्य पडून असलेल्या सर्व संस्थांना स. न. वि. वि.

आमच्या संस्थेचे बंद नलिकेचे जाळे एका मुख्य वाहिनीवर आणि तीन शाखांवर चालते. मुख्य वाहिनी २५० मिमी व्यासाची आहे, शाखा १५० मिमीच्या. प्रत्येक शाखेवर १२ याप्रमाणे एकूण ३६ आउटलेट, म्हणजे शेताला पाणी देणारी तोंडे आहेत. पाणी प्रक्रिया न केलेले, म्हणजे साठ्यातून आले तसे : गाळ, शेवाळ, पालापाचोळा, शंख-शिंपले आणि प्लास्टिकच्या चिंध्या यांसह. आउटलेटवर आज फक्त गेट व्हॉल्व्ह आहे. कोणी किती पाणी घेतले हे तासांवरून ठरते, आणि खरी गोम इथेच आहे.

तास सारखे असले तरी पाणी सारखे मिळत नाही. चालू आवर्तनात, म्हणजे पाणी सुटलेले असताना, वरच्या आउटलेटला ३२ मीटर दाब असतो, टेलच्या म्हणजे शेवटच्या टोकाच्या आउटलेटला ८ मीटर (दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजला आहे). तोंड तेवढेच असेल तर प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब चौपट म्हणजे प्रवाह दुप्पट. टेलच्या शेतकऱ्याला ८ तासांत सेकंदाला ५ लिटरने १४४ घनमीटर मिळतात, म्हणजे एका हेक्टरवर जेमतेम १४.४ मिमी. वरच्याला तेवढ्याच वेळात २८८ घनमीटर. दोघांची आकारणी मात्र एकच. यात वरच्याची लबाडी नाही, त्याने व्हॉल्व्ह उघडला एवढेच. पण पाळीवरून होणाऱ्या भांडणांचे मूळ हेच आहे, आणि पाणी वाटणारा पाटकरी कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हातातल्या घड्याळाने ते मिटणार नाही.

म्हणून हे आवाहन. मात्र ते नुसत्या मीटरसाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कच्च्या पाण्यावर एकटा बसवलेला मीटर एका हंगामात बंद पडतो किंवा खोटे आकडे दाखवू लागतो. खोटे दाखवणारा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या आकड्यावर बिल निघते. एका आउटलेटचा पूर्ण संच प्रवाहाच्या दिशेने असा हवा : गेट व्हॉल्व्ह, जाळी, ८० सेंमी सरळ पाइप, मीटर, ४० सेंमी सरळ पाइप, प्रवाह मर्यादक (ठरल्यापेक्षा जास्त पाणी जाऊ न देणारा), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारा) आणि शेवटी शेतकऱ्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह. गेट व्हॉल्व्ह आहेत. शेवटचा व्हॉल्व्ह ज्याचा तो बसवील. मधले सगळे हवे आहे.

मीटर ८० मिमीचा हवा. सेकंदाला ५ लिटर, म्हणजे ताशी १८ घनमीटर प्रवाह असताना ८० मिमी पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर राहतो, आणि ते योग्य आहे. पाइप मोठा आहे म्हणून मीटरही मोठा, ही नेहमीची चूक. मीटर पाइपच्या मापावरून निवडायचा नसतो, प्रवाहावरून निवडायचा असतो. मोठ्या मीटरचा पंखा कमी प्रवाहात जागचा हलत नाही आणि तेवढे पाणी फुकट जाते. आम्ही वोल्टमन पद्धतीचा, पाइपच्या अक्षात आडवा पंखा असलेला, कोरड्या व सीलबंद आकडेपेटीचा मीटर मागतो आहोत. सिंचनाच्या पाण्यासाठीच्या मीटरचे आयएसओ १६३९९ हे वेगळे मानक आहे, त्यानुसार तपासलेला असेल तर उत्तम. घरगुती नळाचे जुने मल्टी-जेट मीटर कृपया पाठवू नका. त्यांच्या आतल्या बारीक छिद्रांत शेवाळ व वाळू अडकते आणि ते दाबही खातात. पंखा पाइपच्या वरच्या बाजूला असलेले पॅडल मीटर चालतील. कचरा त्यांच्या खालून निघून जातो, मात्र पाण्याला पीळ असेल तर ते जास्त फसतात. त्यांच्या आधी आम्ही ८० ऐवजी १२० सेंमी सरळ पाइप ठेवू.

सरळ पाइपाबद्दल थोडे सविस्तर, कारण खर्च वाचवताना पहिली कात्री यालाच लागते. बाक किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह यातून बाहेर पडलेले पाणी पीळ घेत, एका अंगाने जोरात धावते. तो पीळ पंख्याच्या बाजूने असेल तर मीटर जास्त पळतो, उलट असेल तर कमी. म्हणून मीटरच्या आधी व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट सरळ लांबी. दोन बाक लागोपाठ वेगवेगळ्या दिशांना असतील तर १० पटही अपुरी पडते. प्रवाह कमी करायचा तर मीटरनंतरच्या व्हॉल्व्हने करावा, आधीचा गेट व्हॉल्व्ह नेहमी पूर्ण उघडा. गॅस्केटची, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या चकतीची, कड आत डोकावत असेल तर तीही वाचन बिघडवते. गॅस्केट हाताने कापणाऱ्यांनी आतला व्यास पाइपापेक्षा २-३ मिमी मोठाच ठेवावा.

३६ संचांसाठी ८० मिमी जस्तलेपित पाइपचे ७२ तुकडे लागतील, अर्धे ८० सेंमीचे, अर्धे ४० सेंमीचे. ६ मीटरच्या ८ पाइपांत ते बसतात, हिशेब करून पाहिला आहे. प्रत्येक तुकड्याला दोन म्हणून १४४ फ्लॅंज (पाइपच्या टोकाला बसणाऱ्या, बोल्टने जोडायच्या चकत्या). इथे एक विनंती : ८० मिमी मापात ४ भोकांच्या आणि ८ भोकांच्या अशा दोन्ही प्रकारच्या फ्लॅंज मिळतात आणि त्या एकमेकींना जुळत नाहीत. आम्हाला ८ भोकांच्या, १६ मिमी बोल्ट बसणाऱ्या हव्यात. मीटर, जाळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह देणाऱ्यांनीही भोके मोजूनच पाठवावे.

जाळी म्हणजे मीटरचे रक्षण, ठिबकची गाळणी नव्हे. ठिबकला लागणारी १२० मेशची, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची गाळणी शेतकऱ्याने आपल्या बांधावर बसवायची आहे. ती आउटलेटवर लावली तर कच्च्या पाण्याने तासाभरात चोंदेल. आउटलेटवरच्या जाळीची भोके ३ ते ४ मिमीची असावीत आणि सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्रफळ पाइपच्या काटछेदाच्या किमान तिप्पट असावे. ८० मिमी पाइपचा काटछेद ५० चौरस सेंमी, म्हणजे जाळीत १५० चौरस सेंमी मोकळी जागा हवी. जाळी स्टेनलेस स्टीलची, टोपली वरून काढता येणारी, आणि झाकणाला स्पॅनर न लागणारी असावी. झाकण उघडायला पाच बोल्ट सोडावे लागले की जाळी साफ होत नाही, भोसकली जाते. आणि जाळी फाटली की सुतळीचा एक धागा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला तरी मीटर कमी वाचू लागतो.

जाळी कधी चोंदली ते ओळखण्यासाठी तिच्या आधी व नंतर दाब मोजायची टोटी ठेवणार आहोत. दोन्हींतला फरक २ मीटरच्या वर गेला की टोपली काढून धुवायची. त्यासाठी ० ते ४ किलो प्रति चौरस सेंमी मापाचे तीन गेज पुरेत, ३६ जोड्या नकोत. दोन्ही टोट्यांना एकच गेज लावून वाचले की गेजची स्वतःची चूक वजाबाकीत निघून जाते.

प्रवाह मर्यादक सगळ्या आउटलेटना लागणार नाहीत. रबरी कडीचा मर्यादक काम करायला स्वतःच १० ते १५ मीटर दाब मागतो. टेलकडे तेवढा दाब नाही, तिथे तो नुसता अडथळा ठरेल. ज्या २२ आउटलेटवर दाब याहून बराच जास्त आहे तिथेच, सेकंदाला ५ लिटरचे मर्यादक हवेत. वरच्यांचा प्रवाह आवरला की मुख्य वाहिनीतला घर्षणाने होणारा तोटाही घटतो. तो साधारण प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे टेलचा दाब आपोआप सुधारतो. टेलच्या सभासदांनी हे लक्षात घ्यावे : वरच्या आउटलेटच्या मर्यादकासाठी दिलेली देणगी प्रत्यक्षात टेललाच पोचते.

मीटर बिघडवणाऱ्या गोष्टींत हवेची गणना क्वचित होते, पण आमच्यासारख्या आवर्तनाच्या जाळ्यात तीच पहिली. दोन पाळ्यांच्या मधे वाहिनी रिकामी होते. पुन्हा भरताना आतली हवा आउटलेटमधून निघते आणि मीटरचा पंखा पाण्याच्या कितीतरी पट वेगाने फिरवते. आकडा वाढतो आणि बेअरिंग झिजते. उपाय दोन. प्रत्येक उंचवट्यावर मोठे आणि लहान अशी दोन्ही छिद्रे असलेला एअर व्हॉल्व्ह, असे ११ हवेत. मोठ्या छिद्रातून भरताना हवा बाहेर जाते व रिकामी होताना आत येते, त्यामुळे निर्वात होऊन प्लास्टिकचा पाइप चेपत नाही. लहान छिद्र चालू दाबात साठणारे बुडबुडे काढते. दुसरा उपाय फुकटचा : वाहिनी सावकाश भरणे. वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे २५० मिमीच्या वाहिनीत सेकंदाला १५ लिटरपेक्षा जास्त सोडायचे नाही. मीटर बसल्यावर पाटकऱ्याला हे कागदावर लिहून दिले जाईल.

बंद करताना याच्या उलट धोका आहे. पाव फेऱ्यात मिटणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद केला तर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी प्लास्टिकच्या पाइपात ४० मीटरपर्यंत जादा दाब उसळवते. दाबाची लाट सेकंदाला सुमारे ४०० मीटर धावते, म्हणजे १,५०० मीटरच्या वाहिनीत तिला जाऊन परत यायला साडेसात सेकंद लागतात. व्हॉल्व्ह मिटायला याच्या कितीतरी पट वेळ लागला पाहिजे. त्यामुळे शाखांच्या तोंडाशी द्यायचे तीन बटरफ्लाय व्हॉल्व्ह गिअरपेटी व चाक असलेलेच द्यावेत, दांडीचे नकोत.

तिन्ही शाखांच्या तोंडाशी १५० मिमीचे विद्युतचुंबकीय मीटर हवेत. बाकीच्या मीटरांवर पहारा ठेवायला हे लागतात. शाखेचा आकडा वजा तिच्या १२ आउटलेटची बेरीज, ही रक्कम प्रत्येक पाळीला लिहून ठेवली की गळती कुठे आहे आणि कोणता मीटर झोपला आहे ते दिसते. यांत फिरणारा भाग नाही, गाळाने ते अडत नाहीत. पण पाइप पूर्ण भरलेला असावा लागतो, म्हणून ते उताराला नव्हे तर चढत्या किंवा खोलगट भागात बसतील. आधी ७५ व नंतर ४५ सेंमी सरळ पाइप, बॅटरीवर चालणारे, आणि प्लास्टिकच्या वाहिनीसाठी अर्थिंगच्या कड्यांसह हवेत. कड्या विसरल्या तर आकडा उगाच नाचतो. अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मोजणारे मीटर इथे नकोत, हवेचे बुडबुडे व गाढा गाळ त्यांचा आवाज विस्कटतो.

तिसऱ्या शाखेच्या शेवटी पाणी उघड्या शेतचारीत उतरते. तिथे चार ठिकाणी ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेच्या, ३ मिमी जाड पोलादी पाट्या हव्यात. खाचेच्या तळापासून पाणी १५ सेंमी चढले तर प्रवाह सेकंदाला १२ लिटर, २० सेंमी चढले तर जवळपास २५ लिटर. उंची एका सेंमीने चुकली तर १५ च्या ठिकाणी प्रवाह १७ टक्क्यांनी चुकतो. म्हणून मोजपट्टी खाचेला चिकटवून नाही, तर ८० सेंमी वरच्या बाजूला, पाण्याची पातळी स्थिर असते तिथे लावायची. पाटीमागे गाळ साठतो आणि तो काढावा लागतो. ज्या दोन चाऱ्यांना गाळ फार येतो तिथे पाट्यांऐवजी १५२ मिमी गळ्याचे पार्शल फ्लूम (मधे अरुंद गळा असलेली, प्रवाह मोजायची तयार चारी) मिळाले तर फार बरे. त्यातून गाळ वाहून जातो आणि पाण्याची पातळीही कमी गमवावी लागते.

तपासणीसाठी १,००० लिटरची, तळाला मोठा निचरा असलेली टाकी हवी. २०० लिटरच्या पिंपावर सेकंदाला ५ लिटरचा प्रवाह ४० सेकंदांत मोजून संपतो, तिथे घड्याळाची एक सेकंदाची चूक अडीच टक्के होते. १,००० लिटरवर तीच अर्धा टक्का. जुने वापरलेले मीटर आम्ही घेऊ. टाकीवर कमी, मध्यम व पूर्ण अशा तीन प्रवाहांवर तपासू, आणि चूक ५ टक्क्यांच्या वर निघाली तर सुट्या भागांसाठी ठेवू. तसे देणाऱ्याला कळवू.

वस्तू नसेल तर हात हवेत. संच बसवल्यावर अडीच मीटर लांब होतो, म्हणून ३६ खड्डे ३ बाय १ मीटरचे, तळाशी खडी व निचऱ्याची नळी घालून काढायचे आहेत. त्यापेक्षा लहान खड्डा खणलात तर सरळ पाइप कापायची वेळ येते. वेल्डर, पाइप फिटर आणि लेव्हल यंत्राने उंचवटे मोजणारे दोन जण, असे मनुष्यबळ कमी आहे. नंबर असलेल्या सीलच्या दोनशे नग तारा आणि आकडेपेटीत मुंग्या शिरू नयेत म्हणून रबरी झाकणेही यादीत धरा.

एक सूचना सर्वांनाच. हे पाणी पिण्यायोग्य नाही. प्रत्येक आउटलेटवर तसा फलक लागेल आणि घराच्या नळजोडणीशी या वाहिनीचा कुठेही सांधा चालणार नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह संचात ठेवला आहे तो यासाठीही, की ठिबकमधून खत सोडताना दाब गेला तर ते खत उलटे येऊन पुढच्या शेतात जाऊ नये.

रोख मदत देणाऱ्यांनी ती कोणत्या भागासाठी आहे हे पावतीवर लिहून घ्यावे : जाळी, मीटर, मर्यादक, एअर व्हॉल्व्ह, पाइप व फ्लॅंज, शाखामीटर, चारीचे मापक की टाकी. मीटरसाठी आलेली रक्कम जाळी नसताना मीटरवर खर्च होणार नाही. जाळी, मीटर आणि पाइप तिन्ही हातात आले की एक आउटलेट पुरे करू, मग दुसरे. सुरुवात तिसऱ्या शाखेच्या टेलकडून होईल. वस्तू देताना पेटीवर माप, फ्लॅंजच्या भोकांची संख्या, प्रवाहाचा बाण दिसतो की नाही आणि वस्तू किती हंगाम वापरली हे लिहावे. पुढचे आवर्तन सुटण्याआधी वाहिनी रिकामी असते, जोडकाम तेव्हाच करता येते. म्हणून साहित्य त्याच्या किमान तीन आठवडे आधी संस्थेच्या कार्यालयात पोचावे.