शिलालेखाचे कोडे, वाचनालयातला डबा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की मुंबईकरांना एका दिवसाच्या सहलींचे वेध लागतात आणि मग तेच धबधबे, तीच गर्दी आणि परतीच्या वाटेवरची तीच वाहतूककोंडी ठरलेली असते. या सहलींना आसपासच्या गावांच्या इतिहासाकडे वळवू शकेल असा एक खेळ परदेशात गेली पंचवीस वर्षे खेळला जातो. त्याचा विचार आपल्याकडेही व्हावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी अमेरिकेने मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि शंभरेक मीटरने चुकणारी उपकरणे बरीच अचूक जागा दाखवू लागली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील एका गृहस्थाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला ती सापडेल त्याने आतल्या वहीत नोंद करावी आणि एखादी वस्तू घेतलीच तर तिच्या जागी दुसरी ठेवावी, एवढाच नियम होता. पुढे तिकडच्या काही छोट्या गावांनी हा खेळ आपल्या इतिहासाच्या कामी लावला. जुने रेल्वे स्थानक, पहिली शाळा, बंद पडलेली गिरणी अशा ठिकाणांजवळ डबे ठेवायचे, प्रत्येक डब्यात एक सांकेतिक शब्द लिहायचा, आणि ते सगळे शब्द पुस्तिकेत उतरवून दाखवणाऱ्या पाहुण्याला गावातर्फे एक नाणे भेट द्यायचे. तेथे राहणाऱ्या माझ्या मुलीने नातवंडांच्या हट्टापायी अशी एक वाट पुरी केली. त्या गावाचे नावही तिने पूर्वी ऐकलेले नव्हते. परतली तेव्हा तेथील गिरणी का बंद पडली, हे ती मला फोनवर अर्धा तास सांगत होती.

मात्र हा खेळ जसाच्या तसा येथे आणता येणार नाही. ज्या शहराने १२ मार्च १९९३ आणि ११ जुलै २००६ हे दिवस पाहिले आणि जेथे बेवारस वस्तूला हात लावू नका ही सूचना रोज कानांवर पडते, तेथे पुलाखाली डबा लपवणे म्हणजे बॉम्बशोधक पथकाला बोलावणे धाडणेच होय. शिवाय वसईचा किल्ला किंवा अंबरनाथचे शिवमंदिर ही संरक्षित स्मारके असल्यामुळे त्यांच्या दगडांच्या फटींत कोणी काही खुपसू नये, हेच योग्य. सुदैवाने या खेळात डब्याविना खेळण्याचाही प्रकार आहे. त्यात दिलेल्या जागी जाऊन, तेथील वस्तू डोळ्यांनी पाहूनच देता येईल असे उत्तर कळवायचे असते. आपल्याला हाच प्रकार सोयीचा आहे.

याचा आरंभ सोपाऱ्यापासून व्हावा, असे मला वाटते. नालासोपारा स्थानकावर रोज अलोट गर्दी उतरते, पण प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच, हे त्यातील किती जणांना ठाऊक असेल? तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात एक दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, सर्वांत आतला सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी ते शतकानुशतकांपूर्वी श्रद्धेने जपून ठेवले होते. ऑरेगनच्या बादलीचे कौतुक करताना आपल्या दाराशी सापडलेला हा डबा विसरू नये. ते करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि त्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे शिकार आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा करतो, वृद्धांना आणि जनपदातील लोकांना भेटतो, असे अशोक त्यात सांगतो. या वाटेवरचे पहिले कोडे त्यावरच घालावे.

पुढचे थांबे वाचकांनाही सुचतील. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा, शके ९३४ चा मानला जाणारा लेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण २०२४ मध्ये साजरा केला, पण आक्षीला थांबून तो दगड पाहणारे पर्यटक थोडेच. कोडी मात्र विचारपूर्वक घालावीत. वसईचा किल्ला मराठ्यांनी कधी जिंकला, असे विचारले तर मंडळी घरबसल्या मोबाइलवर १७३९ हे साल शोधून मोकळी होतील. त्याऐवजी मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरील अमुक मूर्तीच्या हातात काय आहे, असे विचारावे, म्हणजे तिच्यासमोर उभे राहावेच लागेल.

आणि डबा? तो गावच्या सार्वजनिक वाचनालयात, ग्रंथपालांच्या टेबलावर उघड ठेवावा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. लहान गावांतही अशी वाचनालये आहेत आणि वर्तमानपत्र चाळायला येणारी ज्येष्ठ मंडळी सोडली तर त्यांतील बहुतेकांना वाचकांची वाट पाहावी लागते. सर्व उत्तरे जुळली की पाहुण्याने तेथे यावे, वहीत नाव लिहावे आणि गावाच्या इतिहासावरचे एखादे पुस्तक चाळावे. स्थानिक इतिहासाची माहिती असलेली माणसे बहुधा तेथेच भेटतात. त्यासाठी वाचनालये रविवारी दुपारपर्यंत उघडी ठेवावी लागतील; माझ्या मते या योजनेतील खरी अडचण तीच आहे, कारण बाकी खर्च एका वहीचा आणि छापील पुस्तिकेचा.

राज्याच्या पर्यटन विभागाने स्थानिक महानगरपालिका आणि वाचनालये यांना सोबत घेऊन प्रथम सोपारा आणि वसई एवढ्यापुरता हा प्रयोग एका हिवाळ्यात करून पाहावा, ही विनंती. कोडी तयार करण्यासाठी मी आणि माझे दोन निवृत्त शिक्षक मित्र विनामूल्य वेळ देण्यास तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई