माल काढण्याची ट्रॉली गोदामातल्या फरशीवर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या टॉवेल, चादर आणि गणवेश व्यवसायाविषयी आपल्या दैनिकात यंत्रमाग, वीजदर आणि निर्यात या अंगांनी नेहमी लिहिले जाते, आणि ते आवश्यकच आहे; परंतु तयार माल रॅकमधून काढून पॅकिंगच्या टेबलापर्यंत नेणाऱ्या ट्रॉलीविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत गोदामाचे काम पाहणारा एक माणूस म्हणून हा विषय मी आग्रहाने मांडत आहे.

पूर्वी आपल्याकडचा माल मुख्यतः गाठींनी हलत असे. पार्टीचे चलान, म्हणजे माल पाठवण्याचा कागद, आले की गाठी काढायच्या, टेम्पोत भरायच्या, एवढेच काम असे आणि त्याला सपाट हातगाडी पुरत असे. आता घाऊक व्यापाराच्या जोडीला ऑनलाइन विक्री आली, आणि दोन टॉवेल, एक चादर, चार अभ्रे अशा लहान ऑर्डरी दिवसभर येत राहतात. अशा कामात माल काढणाऱ्याचा साधारण निम्मा वेळ केवळ चालण्यात जातो, असे गोदाम व्यवस्थापनाच्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणून एका फेरीत एकच ऑर्डर काढण्याऐवजी आठ-दहा ऑर्डरी एकत्र काढता येतील अशी कप्प्यांची ट्रॉली लागते, आणि ती निवडताना आपण फार घाई करतो.

प्रचलित पद्धत अशी की, मोबाइलवर आलेला एखादा फोटो फॅब्रिकेटरला दाखवायचा आणि किलोच्या भावाने काम द्यायचे. वजनावर मजुरी ठरली की पाइप जाड लागतो, पत्राही जाड लागतो, आणि रिकामी असतानाच दोन्ही हातांनी रेटावी लागेल अशी गाडी दारात येते. मालकाला ती मजबूत वाटते. तिचे वजन मात्र ढकलणाऱ्याला रोज सोसावे लागते. माझी विनंती आहे की, काम नगावर ठरवावे आणि रिकाम्या गाडीचे कमाल वजन लेखी द्यावे.

चाकांचा विचार तर फरशीपासूनच सुरू व्हायला हवा. आपल्या जुन्या गाळ्यांत शहाबादी फरशी आहे. तिचे सांधे झिजून खोल गेलेले असतात आणि कडा वर-खाली असतात. तीन इंची चाक अशा सांध्यात अडकते, गाडी धक्क्याने थांबते आणि वरच्या कप्प्यातला माल खाली येतो. पाच किंवा सहा इंची चाक तोच सांधा सहज ओलांडते, कारण चाकाचा व्यास वाढला की ढकलण्यास लागणारे बळ कमी होते. नायलॉनचे चाक गुळगुळीत काँक्रीटवर हलके चालते, पण शहाबादीवर त्याचा खडखडाट होतो आणि फरशीच्या कडा तुटतात. रबर धक्का शोषते, पण भरलेली गाडी बराच काळ एका जागी उभी राहिली तर ते चपटते. आपल्या गोदामांना बहुतेक ठिकाणी पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकचे) आवरण असलेले चाक मानवते, असे माझे मत आहे.

सोलापूरची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती सुताची. टॉवेलचे सुटे तंतू आणि तुटलेले धागे फरशीवर पडतात, चाक ते गोळा करते आणि धुरा व फोर्क (चाक धरणारा लोखंडी चिमटा) यांच्या फटीत ते घट्ट गुंडाळले जातात. चाक फिरायचे थांबते आणि घसटत जाते. बघणाऱ्याला वाटते, बेअरिंग गेले. ब्लेडने ते धाग्यांचे कडे कापून काढले की आत धागा, धूळ आणि ग्रीस यांचा काळा वेढा दिसतो. यासाठी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंस झाकणी असलेली चाके बाजारात मिळतात, ती थोडी महाग असली तरी घ्यावीत. आणि प्रत्येक गाडीला क्रमांक देऊन आठवड्यातून एकदा चाके साफ करण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे.

भारक्षमता काढताना एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागावे. फरशी उंचसखल असली की एखादे चाक अधांतरी राहते आणि भार उरलेल्या तिघांवर येतो. गाडी 45 किलोंची आणि माल 180 किलोंचा असेल तर एकूण 225 किलो होतात. चारने भागून 60 किलो क्षमतेची चाके घेतली तर ती लवकर बसतील. तीनने भागल्यास प्रत्येक चाकावर 75 किलो येतात, म्हणून 80 ते 100 किलो क्षमतेचे चाक घेणे योग्य. लांब, सरळ रांगा असतील तर दोन स्थिर आणि दोन फिरती चाके लावावीत व फिरती चाके दांड्याच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे दिशा ढकलणाऱ्याच्या हातात राहते. अरुंद बोळात चारही फिरती चाके सोयीची असतात, पण सरळ चालीत अशी गाडी भरकटते.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर महिला करतात, आणि ट्रॉली बनवताना त्यांचा विचार क्वचितच होतो. दांडा कोपराच्या किंचित खाली यावा. एकाच उंचीचा आडवा दांडा सर्वांना सोयीचा नसतो, म्हणून दोन उभे दांडे लावले तर जिला जेथे जमेल तेथे ती हात धरू शकते. वरचा कप्पा इतका उंच नसावा की पुढून येणारे माणूस दिसणार नाही. चालताना पाय खालच्या चौकटीवर आपटू नये आणि साडीचा काठ चाकाखाली जाऊ नये, यासाठी मागची चाके थोडी आत घ्यावीत. गणवेशाचा हंगाम एप्रिल ते जून असतो, म्हणजे पत्र्याच्या छपराखाली सोलापूरचा उन्हाळा आणि सर्वांत जास्त फेऱ्या एकाच वेळी येतात. त्या दिवसांत जड गाडी म्हणजे साधी गैरसोय राहत नाही, तो तब्येतीचा प्रश्न होतो.

गठ्ठ्यांच्या वजनाकडेही पाहावे. 70 बाय 140 सेंटिमीटरचा, 450 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा) टॉवेल साधारण 440 ग्रॅम भरतो, म्हणजे पाच डझनांचा गठ्ठा 26 किलोंच्या वर जातो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्याविषयीच्या संस्थेने 1991 च्या आपल्या सूत्रात अगदी सोयीच्या स्थितीतही उचलण्याच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली आहे. गठ्ठे लहान बांधता येत नसतील तर निदान ट्रॉलीचा एक फळा रॅकच्या फळ्याच्या उंचीचा करावा, म्हणजे गठ्ठा न उचलता सरकवता येतो.

कप्प्यांबाबत एवढेच सांगतो की, प्रत्येक ऑर्डरला एक कप्पा, त्यावर ठळक क्रमांक आणि तोच क्रमांक मालाच्या यादीवर असावा. यादी रॅकच्या क्रमाने छापावी. कप्पे वाढवले की फेऱ्या कमी होतात हे खरे, पण दहा-बाराच्या पुढे गेल्यावर शेजारच्या कप्प्यात माल पडण्याच्या चुका वाढतात, असा माझा अनुभव आहे. शाळांच्या मोठ्या ऑर्डरींसाठी मात्र कप्प्यांची गाडी वापरू नये. त्यांना सपाट फळ्याची वेगळी गाडी हवी.

एकदम वीस गाड्यांची ऑर्डर देण्याआधी एक नमुना करून घ्यावा, त्यात खरा माल भरावा, गोदामातील सर्वांत वाईट फरशीवरून आणि सर्वांत अरुंद वळणातून तो न्यावा, आणि रोज ढकलणाऱ्या महिलांनी होकार दिल्यावरच पुढचे काम द्यावे. येथील शासकीय तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी हा विषय घ्यावा, आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्यांना आपली गोदामे मोजमापांसाठी उघडी करून द्यावीत, अशी माझी आपल्या माध्यमातून विनंती आहे. शहाबादीवर चालणारी, सूत न अडकणारी हलकी ट्रॉली आपल्याच शहरातील फॅब्रिकेटर बनवू शकतात. त्यांना मोजमापे कोणीतरी नीट लिहून द्यायला हवीत.

आपला,
एक गोदाम पर्यवेक्षक, सोलापूर