हार्वेस्टरवरचा मीटर आणि आमची खाचरं

संपादक साहेब, नमस्कार. राहतो कळव्यात पण भातशेती मुरबाडला, म्हणून लिहितोय. कापणी-मळणीच्या हार्वेस्टरवर यील्ड मॉनिटर, म्हणजे पीक मोजणारा मीटर, लावा, कुठे किती पिकलं त्याचा नकाशा बघा, असं हल्ली जो तो सांगतो. दाणे वर चढून सेन्सरच्या प्लेटवर आपटतात, त्या माऱ्यावरून वजन, जोडीला दाण्यातला ओलावा आणि जीपीएसवरून जागा, आयडिया झकासच आहे. पण कापलेला दाणा सेन्सरपर्यंत पोचायला दहाएक सेकंद लागतात, आमची खाचरं एवढुशी, तोवर मशीन बांधापाशी वळतंय, मग आकडा नेमका कुठल्या खाचराचा धरायचा? त्यात वजनकाट्याशी ताडून कॅलिब्रेशन केलं नाही तर सगळं हवेतच. पंजाबातल्या लांबलचक शेतांत चालेलही. इथे कृषी खात्याने आधी खाचरागणिक पोती मोजून लिहायची सवय तरी लावावी.

– एक वाचक, कळवा (ठाणे)